एकाच भात्यातले दोन आवाज

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने ॲकॉर्डियन घेतलं, तेव्हा होस्टेलवर सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "हे ई अँड टीसीमध्ये कुठे बसतं?" मित्रांनो, व्यवस्थित बसतं. मायक्रोकंट्रोलर आहे, सेन्सर आहेत, सिरियल कम्युनिकेशन आहे. फर्स्ट इयरला ओरल्सपुरता पाठ केलेला बीट्सचा फॉर्म्युला तर रोज लागतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे मराठीत टेक्निकल लेख लिहायची ही पहिलीच वेळ. लॅबमध्ये आपण जे शब्द बोलतो तेच इथे ठेवले आहेत.

काम काय होतं ते आधी सांगते. आपल्या वर्कशॉपमध्ये फिटिंग सेक्शनला असलेले काका यंदा रिटायर झाले. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवायचे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत होतं. पुढे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आला. एकाच कीबोर्डमध्ये ऑर्गन, व्हायोलिन, ॲकॉर्डियन सगळं मिळतंय म्हटल्यावर काकांना बोलावणं हळूहळू बंद झालं. त्यांचं १२० बेसचं इटालियन ॲकॉर्डियन तेव्हापासून घरच्या कपाटावर होतं. रिटायर होण्याआधी एकदा गॅदरिंगमध्ये वाजवायचं, आणि तेही कीबोर्डचे आवाज सोबत घेऊन, अशी त्यांची इच्छा होती.

आम्हाला मिळालेला पहिला सल्ला असा: "आतल्या रीड्स काढून टाका, त्या जागी सगळं इलेक्ट्रॉनिक्स बसवा. वजनही कमी होईल." सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. या आकाराचं वाद्य दहा-बारा किलोचं असतं आणि काकांचा डावा खांदा दुखतो. पण काका म्हणाले, "अगं पोरी, रीडा काढल्यावर उरलं काय? खोकं! त्या खोक्यापायी मी एवढी वर्षं कपाट अडवून ठेवलं होय?" मग त्यांनी एकच अट घातली. वाद्याला एकही भोक पाडायचं नाही, आणि जे काही लावाल ते अर्ध्या तासात काढता आलं पाहिजे.

म्हणजे प्रश्न असा ठरला: हवेचा आवाज आणि विजेचा आवाज एकाच वाद्यात नांदवायचे कसे?

रीड बोलते कशी?

ॲकॉर्डियन आणि आपली पेटी या एकाच घराण्यातल्या. दोन्हींत 'फ्री रीड' असते, म्हणजे धातूची एक लवचीक पट्टी एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी, आणि तिच्याच मापाच्या फटीत आत-बाहेर हलणारी. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने १८२९ मध्ये 'ॲकॉर्डियन' या नावाने पेटंट घेतलं. त्याच्या वाद्यात एक बटण दाबलं की पूर्ण कॉर्ड वाजायची, म्हणून ते नाव. आपल्या पेटीत हवा रीडमधून एकाच दिशेने जाते. ॲकॉर्डियनमध्ये भाता ओढला तरी सूर आणि दाबला तरी सूर, त्यामुळे प्रत्येक सुरासाठी दोन रीड्स लागतात. उजव्या हाताला ४१ पट्ट्या आणि रीड्सचे चार संच असतील तर ४१ × ४ × २ = ३२८ रीड्स नुसत्या एका बाजूला. त्या मेण आणि राळेच्या मिश्रणाने लाकडी ठोकळ्यांवर बसवलेल्या असतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. आपल्याला ऐकू येतो तो रीडच्या पट्टीचा आवाज नव्हे. पट्टी हलते तेव्हा फट उघडते, मिटते, पुन्हा उघडते, आणि त्यामुळे हवेचा प्रवाह तुकड्यातुकड्यांत बाहेर पडतो. हे तुकडे म्हणजेच आवाज. पट्टीची स्वतःची हालचाल बरीचशी साइन वेव्हसारखी सौम्य असते. हवेचे धक्के मात्र टोकदार असतात आणि त्यांत हार्मोनिक्स भरपूर. ॲकॉर्डियनचा तो भरलेला, किंचित झणझणीत आवाज येतो तो इथून.

याचा व्यवहारातला उपयोग लगेच झाला. गिटारच्या बॉडीवर चिकटवतात तसा पिएझो पिकअप आम्ही लावून पाहिला. गिटारमध्ये लाकूडच आवाज फेकतं, म्हणून तिथे तो चालतो. इथे लाकूड फक्त घर आहे. पिएझोने सूर कमी आणि पट्ट्यांची खटखट जास्त पकडली. म्हणून मूळ आवाजासाठी माइकच हवा. जाळीखाली स्पंजच्या पट्टीवर तीन छोटे इलेक्ट्रेट माइक बसवले आणि एका ऑप-ॲम्पने तिघांची बेरीज केली. स्पंज अशासाठी की खटखट लाकडातून माइकपर्यंत पोचू नये. तीन माइक अशासाठी की एकच लावला तर जवळच्या पट्ट्या ओरडतात आणि लांबच्या कुजबुजतात.

आपल्या आधी कोणी केलंय?

हा प्रश्न मॅडमनी सिनॉप्सिसच्या वेळी विचारला होता आणि उत्तर रंजक निघालं. १९५० च्या दशकात जर्मनीच्या होनर कंपनीने 'इलेक्ट्रोनियम' नावाचं वाद्य काढलं. दिसायला ॲकॉर्डियन, आत रीड्स नाहीत, आणि एका वेळी एकच सूर. पण भाता त्यांनी ठेवला होता, आवाज कमी-जास्त करण्यासाठी. १९६० च्या दशकात 'कॉर्डोव्हॉक्स' आलं. त्यात खऱ्या रीड्सही होत्या आणि पट्ट्यांखाली इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्टही. एक जाड केबल वेगळ्या टोन जनरेटरच्या खोक्याकडे जायची आणि तिथून ऑर्गनसारखा आवाज निघायचा. त्या आवाजाचं व्हॉल्यूम मात्र पायातल्या पेडलवर असे. १९८३ मध्ये मिडी हे स्टँडर्ड आलं आणि टोन जनरेटर कोणत्याही कंपनीचा चालू लागला. २००४ मध्ये रोलँडने 'व्ही-ॲकॉर्डियन' काढलं. त्यात पुन्हा रीड्स नाहीत, सगळा आवाज डिजिटल, पण भाता आहे आणि भात्याच्या दाबावर सेन्सर आहे.

गंमत बघा. ज्यांनी रीड्स फेकून दिल्या त्यांनीसुद्धा भाता फेकला नाही. आमच्या प्रोजेक्टची दिशा या एका निरीक्षणावर ठरली.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. 'आराधना' (१९६९) मधल्या 'रूप तेरा मस्ताना'तलं ॲकॉर्डियन केरसी लॉर्ड यांनी वाजवलेलं. १९७० च्या दशकात मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये सिंथेसायझर आणणाऱ्यांत हेच केरसी लॉर्ड पुढे होते. म्हणजे वाद्याचा जाणकार माणूस दोन्हींना हात घालतो. भांडण हवा आणि वीज यांचं नाहीच. भांडण आहे ते एकाला ठेवून दुसऱ्याला घरी पाठवण्याचं.

पहिला टप्पा: पट्ट्या वाचणे

प्रत्येक पट्टीच्या खाली टू-साइड टेपने एक छोटं मॅग्नेट चिकटवलं आणि समोर परफबोर्डच्या पट्टीवर ४१ हॉल सेन्सर बसवले. पट्टी दाबली की मॅग्नेट सरकतं आणि सेन्सरचं आउटपुट बदलतं. स्पर्श नाही, त्यामुळे घासणं नाही आणि काकांच्या बोटांना फरकही जाणवत नाही. १६ चॅनलचे तीन मल्टिप्लेक्सर घेतले की ४८ लाइन्स मिळतात. आर्डुइनो त्या एकामागून एक वाचतो आणि मिडीचा संदेश साउंड मॉड्यूलला पाठवतो.

इथे थोडं गणित. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटला १० बिट्स, म्हणजे ०.३२ मिलिसेकंद. 'नोट ऑन' हा संदेश तीन बाइट्सचा, म्हणजे ०.९६ मिलिसेकंद. पाच पट्ट्या एकदम दाबल्या तर शेवटचा सूर जवळजवळ ५ मिलिसेकंदांनी पोचतो. पहिलाच बाइट पुन्हा पुन्हा न पाठवायची सोय मिडीत आहे, तिला रनिंग स्टेटस म्हणतात. ती वापरली तर १५ ऐवजी ११ बाइट्स, म्हणजे ३.५२ मिलिसेकंद. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा उशीर स्पीकर सव्वा मीटर लांब ठेवल्याइतकाच झाला. खरा उशीर रीडकडेही असतो. मंद्र सप्तकातली जाड रीड बोलायला वेळ घेते, तारातली पटकन बोलते. त्यामुळे खाली इलेक्ट्रॉनिक आवाज पुढे धावतो. हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला माहितीय. खालचा सूर मी आधीपासूनच जरा लवकर दाबतो."

दुसरा टप्पा: सूर जुळवणे

दोन्ही आवाज एकदम चालू केले आणि लॅबभर एक थरथर पसरली. कारण साधं होतं. काकांचं ॲकॉर्डियन ४४२ हर्ट्झवर लावलेलं आहे आणि साउंड मॉड्यूल ४४० वर. दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक म्हणजे सेकंदाला तितके बीट्स. मधल्या 'ए'ला दोन बीट्स, एक सप्तक वर ८८४ आणि ८८०, म्हणजे चार. वर जावं तसा थरकाप वाढत जातो.

थोडी थरथर वाईट नसते. ॲकॉर्डियनमध्ये ती मुद्दाम घालतात. रीड्सचे दोन संच एकमेकांपासून किंचित बाजूला लावले की तो लहरता 'म्युझेट' आवाज मिळतो. पण अशा दोन संचांमध्ये तिसरा, एकदम सरळ इलेक्ट्रॉनिक सूर घातला की तो दोघांशीही वेगवेगळे बीट्स करतो आणि सगळं गढूळ होतं. म्हणून आम्ही नियम केला: इलेक्ट्रॉनिक आवाज चालू असताना रीड्सचा एकच संच, म्हणजे 'क्लॅरिनेट'चा स्विच. म्युझेट वाजवायचं तेव्हा इलेक्ट्रॉनिक बंद.

आता ४४० आणि ४४२ चं काय? रीडचा सूर बदलता येतो. टोकाकडे खरवडलं तर चढतो, बुडाकडे खरवडलं तर उतरतो. पण खरवडलेला धातू परत येत नाही. त्यामुळे रीडला हात न लावता मॉड्यूललाच रीडकडे आणलं. फरक सेंटमध्ये मोजला: १२०० गुणिले ४४२/४४० चा बेस-२ लॉग, म्हणजे सुमारे ७.८५ सेंट. मिडीच्या पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात आणि नेहमीच्या सेटिंगला त्या ४०० सेंटवर पसरतात. म्हणजे एका सेंटला साधारण ४१ पायऱ्या. ७.८५ सेंटसाठी ३२२ पायऱ्या वर चढवल्या आणि थरथर गेली. ज्या मॉड्यूलला 'मास्टर ट्यून' आहे तिथे हे बटणावरही होतं, पण कोडमध्ये केल्याने पुढे एक फायदा झाला, तो सांगते.

तिसरा टप्पा: श्वास

पहिले दोन टप्पे झाल्यावर काकांना वाजवायला दिलं. सूर बरोबर, वेळ बरोबर. काका दोन मिनिटं वाजवून थांबले. म्हणाले, "हा वरचा आवाज माझ्याबरोबर नाहीये. मी भाता सोडतो तरी तो आपला चालूच."

खरी गोष्ट हीच आहे. ॲकॉर्डियनमध्ये पट्टी फक्त दार उघडते, आत काय येणार ते भाता ठरवतो. सूर वाढवणं, विरवणं, मध्येच श्वास घेतल्यासारखं तोडणं हे सगळं डाव्या हाताच्या मनगटात असतं. इलेक्ट्रॉनिक आवाज पट्टीला जोडला आणि भात्याला जोडला नाही, तर तो वाद्यावर चिकटवलेल्या स्टिकरसारखा वेगळा राहतो. दोन व्हॉल्यूम नॉब घेऊन तो मिसळत नाही. दोन्ही आवाजांनी एकच हवा प्यायला हवी.

त्यासाठी डिफरन्शियल प्रेशर सेन्सर घेतला, एमपीएक्सव्ही ७००२. त्याची एक नळी भात्याच्या आत, दुसरी बाहेरच्या हवेला. रेंज उणे २ ते अधिक २ किलोपास्कल. शून्य दाबाला आउटपुट २.५ व्होल्ट आणि दर किलोपास्कलला १ व्होल्ट फरक. आर्डुइनोचा १०-बिट एडीसी ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एका पायरीला जवळजवळ ५ पास्कल. भात्यातला दाब काहीशे पास्कलमध्ये खेळतो, तेव्हा एवढी बारकाई पुरते. नळी आत न्यायला भोक पाडायचं नव्हतं. भाता आणि पेटी यांच्या सांध्यात हवा अडवणारी मऊ पट्टी असते. तिच्यातून काकांनी स्वतः एक बारीक नळी अशी ओवली की हवा कुठेच गळत नाही. फिटिंगची एवढी वर्षं तिथे दिसली.

पुढचं काम सॉफ्टवेअरचं. भाता ओढताना दाब उणे, दाबताना अधिक. आवाज दोन्ही वेळा हवा, म्हणून ॲब्सोल्यूट व्हॅल्यू घ्यायची. दिशा बदलताना दाब क्षणभर शून्यातून जातो आणि खऱ्या रीड्स तिथे दम घेतात. तोच खड्डा आता इलेक्ट्रॉनिक आवाजातही पडतो. दाब आणि आवाज यांचं नातं सरळ रेषेचं नाही. ठरावीक दाबाखाली रीड बोलतच नाही. म्हणून एकच सूर वेगवेगळ्या दाबावर वाजवून माइकवरची लेव्हल नोंदवली, त्यावरून टेबल बनवलं आणि ते मिडीच्या 'एक्स्प्रेशन'ला जोडलं, ० ते १२७.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, फिल्टर. सेन्सरचं वाचन गुळगुळीत करण्याच्या मोहात १०० मिलिसेकंदांचा फिल्टर घातला तर 'बेलो शेक' मरतो. बेलो शेक म्हणजे भाता झरझर पुढे-मागे हलवून सूर थरथरवणं. सेकंदाला आठ वेळा दिशा बदलली तर प्रत्येक वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात आणि फिल्टर ते सगळं पुसून टाकतो. आम्ही १० मिलिसेकंद ठेवले. दुसरी गोष्ट, ट्रॅफिक. एक्स्प्रेशनचा संदेशही ०.९६ मिलिसेकंद घेतो. तो दर मिलिसेकंदाला पाठवला तर पूर्ण लाइन त्यानेच भरेल आणि सूर रांगेत उभे राहतील. व्हॅल्यू बदलली तरच पाठवायचं, आणि जास्तीत जास्त दर १० मिलिसेकंदांनी एकदा. म्हणजे लाइनचा दहावा हिस्सा भात्याला, बाकी बोटांना.

पिच बेंड कोडमध्ये ठेवल्याचा फायदा इथे झाला. भाता जोरात ओढला की रीडचा सूर किंचित उतरतो, इलेक्ट्रॉनिक सूर उतरत नाही. आता दाबाचं वाचन हातात होतं, त्यामुळे त्याच्याबरोबर पिच बेंडही थोडासा खाली आणला. पिच बेंड पूर्ण चॅनलला लागतो, प्रत्येक सुराला वेगळा नाही, त्यामुळे हे जुळणं सरासरीचं आहे. कानाला तेवढं पुरतं.

आवाज निवडतानाही भात्याचा विचार करावा लागतो. व्हायोलिन, ऑर्गन, बासरी हे टिकणारे आवाज भात्याचं ऐकतात. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझत जातो, नंतर भाता कितीही ओढा, तो वाढणार नाही. काकांनी पियानोचा आवाज एकदाच ऐकला आणि म्हणाले, "हा नको, हा हट्टी आहे."

स्पीकर कुठे?

हा मुद्दा सर्किटमध्ये दिसत नाही म्हणून विसरला जातो. रीडचा आवाज वाजवणाऱ्याच्या छातीजवळून येतो आणि इलेक्ट्रॉनिक आवाज स्टेजच्या दोन टोकांच्या स्पीकरमधून. कानाला दोन जागा कळतात आणि दोन वाद्यं ऐकू येतात. म्हणून इलेक्ट्रॉनिक आवाजासाठी एक छोटा ॲम्प्लिफायर काकांच्या खुर्चीशेजारीच ठेवला आणि मोठ्या स्पीकरला दोन्ही आवाज मिक्स करून दिले. जाळीखालचे माइक त्या ॲम्प्लिफायरचाही आवाज पकडतात, त्यामुळे त्याचं तोंड माइकच्या बाजूला नको, नाहीतर शिट्टी ठरलेली.

शेवटी

गॅदरिंगला काकांनी खुर्चीत बसून वाजवलं, खांद्यावरचा भार मांडीवर घेऊन. पहिलं गाणं नुसत्या रीड्सवर. दुसऱ्यात अंतऱ्याला मागून व्हायोलिन उचललं. भाता उघडेल तसं ते उघडत गेलं, आणि शेवटी भाता विरला तेव्हा दोन्ही आवाज एकत्र विरले. ज्या कीबोर्डच्या आवाजांनी त्यांची खुर्ची घेतली होती, ते आवाज त्या दिवशी त्यांच्या मनगटाचं ऐकत होते. व्हायवाला आम्हाला किती मार्क पडले ते आता विचारू नका, पण प्रोजेक्ट पूर्ण झाला असं आम्ही त्या क्षणी धरलं.

काका घरी जाताना वाद्य जसं आलं तसंच घेऊन गेले. सेन्सरची पट्टी आणि बोर्ड एका बिस्किटाच्या डब्यात, ॲकॉर्डियनसोबत. लावायला अर्धा तास, काढायला वीस मिनिटं.

ज्युनिअर्ससाठी बरंच काम बाकी आहे. डाव्या हाताची १२० बटणं आम्ही वाचलेली नाहीत. प्रत्येक सुराला वेगळा पिच बेंड देता आला तर जुळणं आणखी नेमकं होईल. आणि आपली पेटी तर पुढेच आहे. तिच्यात आतला राखीव भाता दाब सारखा करत राहतो, त्यामुळे तिचा श्वास वेगळा मोजावा लागेल. सर्किट डायग्राम आणि कोड लॅबमध्ये फाइल करून ठेवलंय. ज्यांना करायचंय त्यांनी सबमिशनच्या आठवड्यात सोडून कधीही यावं. मात्र काकांची अट तुम्हालाही लागू: भोक पाडायचं नाही.